राणीच्या प्रेमकथेतून कागदपत्रे गाळू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत इंग्लंडची राणी एलिनॉर आणि तिचा नवरा पहिला एडवर्ड यांच्यावर लेख आला. लेख वाचनीय होता. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो सकाळी आठच्या आत तिघींनी टाकला आणि खाली बदामांची रांग लागली. नवऱ्याच्या जखमेतले विष चोखून काढणारी बायको आणि ती गेल्यावर तिच्या अंत्ययात्रेच्या वाटेवर बारा दगडी क्रॉस उभारणारा नवरा. लेखकाने त्याला 'इंग्लंडचा ताजमहाल' म्हटले आहे. वाचून कोणाचेही डोळे पाणावतील.

माझे पाणावले नाहीत, याचे कारण माझी नोकरी. मी दुय्यम निबंधक म्हणून निवृत्त झाले. खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र, मृत्युपत्र, हक्कसोडपत्र यांवर सह्या आणि अंगठे घेण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. त्यामुळे कोणतीही गोष्ट ऐकली की आधी मनात येते, याचा कागद कुठे आहे? एलिनॉरच्या बाबतीत कागद भरपूर आहेत आणि लेखात त्यातला एकही नाही. तिचे लग्न हा एक करार होता. तिचे निम्मे आयुष्य जमिनी गोळा करण्यात गेले आणि मरताना तिला घोर लागला होता तोही जमिनींचाच. हे सगळे वगळून उरते ती फक्त नवऱ्याची लाडकी. ती लाडकी होतीच, त्याबद्दल वाद नाही. पण तिची ओळख तेवढीच नव्हती.

लग्नापासून सुरुवात करते. एलिनॉर ही स्पेनमधल्या कॅस्टिल राज्याचा राजा तिसरा फर्नांडो याची मुलगी, दुसऱ्या बायकोपासून झालेली. 1254 च्या 1 नोव्हेंबरच्या सुमारास बुर्गोस शहराबाहेरच्या लास वेल्गास मठात तिचे एडवर्डशी लग्न लागले. तो 15 वर्षांचा, ती जेमतेम 12-13 ची. तोवर वडील वारले होते. गादीवर सावत्र भाऊ दहावा अल्फोन्सो होता आणि बोलणी त्याने केली. मुद्दा होता गॅस्कनीचा. फ्रान्सच्या नैर्ऋत्येला असलेला हा मुलूख इंग्लंडच्या राजाकडे होता. द्राक्षांचा, वाइनचा, जकातीचे उत्पन्न देणारा. अल्फोन्सो म्हणत होता की तो आमचा. कसा? तर त्याची पणजी ही इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्रीची मुलगी, तिचेही नाव एलिनॉरच. ती कॅस्टिलला दिली तेव्हा गॅस्कनी तिचा हुंडा म्हणून ठरला होता, असा कॅस्टिलवाल्यांचा दावा होता. म्हणजे ऐंशी-पंचाऐंशी वर्षांपूर्वीच्या एका लग्नातून निघालेला वाद मिटवायला हे दुसरे लग्न. आणि ते लागले कुठे, तर त्याच पणजीने आणि तिच्या नवऱ्याने बांधलेल्या मठात, जिथे ती दोघे पुरलेली आहेत.

अल्फोन्सोने या लग्नाच्या बदल्यात गॅस्कनीवरचा आपला आणि आपल्या वारसांचा हक्क एडवर्डच्या नावे सोडला. आमच्या भाषेत हे सरळ हक्कसोडपत्र. आमच्याकडे मात्र यायची ती बहीण. भाऊबीज झाली की कार्यालयात रीघ लागे. भाऊ पेन पुढे करी, बहीण न वाचता सही करी, आणि मी विचारले, 'बाई, यात काय लिहिलंय ते ठाऊक आहे ना?', तर भाऊच उत्तर देई. बुर्गोसला उलटे झाले. बहिणीच्या लग्नात भावाने हक्क सोडला. अर्थात बहिणीला तिथेही कोणी विचारले नव्हते.

मुलीकडच्यांनी मात्र फुकट सही केली नाही. अल्फोन्सोने आधी वदवून घेतले की मुलाच्या नावावर वर्षाला 15,000 मार्क, म्हणजे 10,000 पौंड, उत्पन्नाचा मुलूख असला पाहिजे. एडवर्डचा बाप तिसरा हेन्री, त्याने मग गॅस्कनी, आयर्लंड, चेस्टर असे बरेच काही पोराच्या नावावर चढवले. शिवाय अट अशी की मुलाने स्वतः कॅस्टिलला यायचे आणि सरदारकीची तलवार अल्फोन्सोच्या हातून घ्यायची. पंधरा वर्षांचा थोरला मुलगा, गादीचा वारस, परक्या राजाच्या दरबारात पाठवायचा, म्हणून इंग्लंडमध्ये बऱ्याच जणांच्या पोटात गोळा आला होता. मुलीसाठी नवऱ्याकडून चोळीबांगडीची जमीन ठरली, वर्षाला 1,000 पौंडांची. पण ती हातात यायची नवरा मेल्यावर. ही रीत नीट समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीच कळत नाही. नवरा जिवंत असेपर्यंत इंग्लंडच्या राणीला स्वतःचे असे जमिनीचे उत्पन्न फारसे नसे. आणि एलिनॉर नवऱ्याच्या आधी गेली. म्हणजे लग्नात तिच्या नावाने जे लिहून दिले, त्यातले विधवेच्या हक्काने तिला कधीच काही मिळाले नाही.

आणखी एक तपशील, लेखकाला हवा तर चौकटीत घालता येईल. एलिनॉरची आई जोन, फ्रान्समधल्या पाँत्यू परगण्याची वारस. 1235 च्या सुमारास तिचेच लग्न याच तिसऱ्या हेन्रीशी ठरले होते. मग हेन्रीने ते मोडले आणि प्रोव्हान्सच्या एलिनॉरशी लग्न केले. म्हणजे आपल्या राणीचा सासरा हा तिच्या आईचा मोडलेल्या लग्नातला नवरदेव. सोयरिकीचे जाळे एवढे लहान होते. चार-पाच घराणी, त्यांच्यात मुली फिरत होत्या आणि मुलींबरोबर मुलूख.

मुंबईच्या वाचकांना यात नवल वाटू नये. चारशे वर्षांनी, 1661 च्या करारात, पोर्तुगालच्या कॅथरिनबरोबर मुंबई बेट दुसऱ्या चार्ल्सला हुंड्यात गेले आणि 1668 मध्ये त्याने ते वर्षाला 10 पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकले. त्या दस्तावर इथल्या कुणाचा अंगठा नव्हता. गॅस्कनीच्या द्राक्षमळेवाल्यांचाही नव्हता.

मुलगी 1255 च्या ऑक्टोबरात इंग्लंडला पोहोचली. मुक्कामाच्या खोल्यांत स्पेनच्या रीतीने भिंतींवर पडदे आणि जमिनीवरही गालिचे अंथरले होते. मॅथ्यू पॅरिस नावाच्या भिक्षू बखरकाराने लिहून ठेवले आहे की ते बघून लोक कुजबुजले. देवळात शोभावे ते जमिनीवर! पुढची काही वर्षे ती कागदांत फारशी दिसत नाही. दिसते ती 1264 मध्ये. लूइसच्या लढाईत सासरा आणि नवरा दोघेही बंडखोर सरदारांचा पुढारी साइमन द माँफोर याच्या हाती सापडले तेव्हा ती विंडसरच्या किल्ल्यात होती, आणि तिथून तिला बाहेर पडायला लावले गेले. बावीस-तेवीस वर्षांची, परक्या देशात, नवरा कैदेत, स्वतःचे उत्पन्न शून्य. पुढे ती जमिनीच्या मागे का लागली याचे थोडे तरी उत्तर मला त्या वर्षात दिसते. हा माझा तर्क आहे, पुरावा म्हणून छापू नये.

आता विषाची गोष्ट. एडवर्ड धर्मयुद्धावर निघाला तेव्हा ती बरोबर गेली. 1271 मध्ये दोघे आक्र बंदरात पोहोचले. ते आजच्या इस्रायलमध्ये येते. जून 1272 मध्ये एका मारेकऱ्याने एडवर्डवर खंजिराने वार केला, एवढे खरे. पण जखम बायकोने चोखल्याची कथा कित्येक वर्षांनी इटलीतल्या एका लेखकाच्या ग्रंथात येते आणि तीही 'असे म्हणतात' म्हणून. दुसऱ्या एका बखरीत नेमके उलटे चित्र आहे. वैद्याने सडलेले मांस कापायचे ठरवले, त्याआधी राणीला खोलीबाहेर काढायला सांगितले आणि ती रडत असताना तिला बाहेर नेले. मला ही दुसरी बाई जास्त खरी वाटते. याच आक्रमध्ये त्याच वर्षी तिने जोन नावाच्या मुलीला जन्म दिला, आणि तिथेच युद्धशास्त्रावरचा एक जुना लॅटिन ग्रंथ नवऱ्यासाठी फ्रेंचमध्ये करवून घेतला. तिच्या पदरी लेखनिक होते आणि ती पुस्तके लिहवून घेत असे. विष चोखण्यापेक्षा लढायला गेलेल्या नवऱ्याला युद्धाचे पुस्तक देणारी बायको मला तरी अधिक लक्षात राहिली. तुमच्या लेखात ती नाही.

परतीच्या वाटेवर असतानाच सासरा वारला. 19 ऑगस्ट 1274 रोजी दोघांचा एकत्र राज्याभिषेक झाला आणि तिचा खरा कारभार सुरू झाला. लेखात या सोळा वर्षांना एक ओळ आहे: 'राणी धार्मिक वृत्तीने दानधर्म करीत असे.'

या वर्षांत ती काय करीत होती? जमिनी घेत होती. ती गेली तेव्हा तिने मिळवलेल्या जमिनींचे उत्पन्न वर्षाला अडीच हजार पौंडांहून अधिक होते. हे तिने चोरून केले नाही. राणीचा खर्च तिजोरीवर पडू नये, तिच्या नावावर स्वतःची मिळकत असावी, हे नवराबायकोचे मिळून ठरलेले धोरण होते. त्याशिवाय 'राणीचे सोने' नावाचा एक हक्क होता. राजाला कोणी स्वखुशीने म्हणून मोठी रक्कम भरली की तिच्यावर आणखी एक दशांश राणीला द्यायचा. तोही ती चुकू देत नसे.

पण जमीन यायची कशी, हे बघण्यासारखे आहे. त्या काळी इंग्लंडमध्ये ज्यू सावकारी करीत. बाकीचे बहुतेक धंदे त्यांना बंद होते. कायद्याने ते राजाची मालमत्ता समजले जात. राजा त्यांच्यावर पट्टीमागून पट्टी बसवी. ती भरता आली नाही की त्यांच्याकडची कर्जखते राजाकडे जमा होत. त्यातली काही राजा राणीला देई. मग राणीचे कारभारी त्या कर्जदार जमीनदाराच्या दारात. पैसे टाक नाहीतर जमीन लिहून दे. कर्ज जमिनीच्या किमतीपेक्षा कमी असेल तर वर काही रक्कम द्यायची, कधी जुन्या मालकालाच ती जमीन कसायला द्यायची. केंटमधला लीड्सचा किल्ला, जो आज पर्यटक तळ्यातले राजहंस बघायला जातात, तो 1278 मध्ये विल्यम द लेबर्नकडून असाच राणीकडे आला. किंग्ज लँगलीही कर्जात बुडालेल्या जमीनदाराकडूनच. ज्या जमिनीवर बोजा चढलेला आहे ती हेरायची, बोजा आपल्या हातात घ्यायचा आणि मग मालकाला चहाला बोलवायचे. हा प्रकार मी टेबलापलीकडून इतक्या वेळा पाहिला आहे की तेराव्या शतकातले ते तपशील वाचताना एकदाही अडखळले नाही. फरक इतकाच की आमच्याकडे बोजा घेणाऱ्याची बायको राणी नसे.

लोकांना हे दिसत होते. राजाला आमचा पैसा हवा आणि राणीला आमच्या जमिनी, असे लोक बोलत. डन्स्टेबलच्या मठातल्या बखरकाराने ती वारल्यावर तिच्यावर जेमतेम एक ओळ खर्च केली: जन्माने स्पॅनिश, पुष्कळ उत्तम जमिनी मिळवल्या. कँटरबरीचे आर्चबिशप पेकम यांनी तर पत्रच पाठवले होते. सावकारी व्याजातून गिळलेल्या जमिनी राणी घेते आहे अशी चर्चा राज्यभर आहे आणि हे पाप आहे, असा त्याचा मथितार्थ. दुसऱ्या वेळी त्यांनी राणीच्या कुळांवर होणाऱ्या जुलमाबद्दल तिला सुनावले. तिचा एक कारभारी ह्यू द क्रेसिंगहॅम. तो पुढे राजाच्या खजिन्यासाठी स्कॉटलंडला गेला आणि 1297 मध्ये स्टर्लिंगच्या पुलावर मारला गेला. स्कॉट लोकांनी त्याचे कातडे सोलले. माणूस कसा असेल याची कल्पना यावी म्हणून सांगितले.

आणि कर्जखते लिहिणारे ज्यू? 1275 च्या कायद्याने त्यांची व्याजाची सावकारी बंद केली. 18 जुलै 1290 रोजी एडवर्डने त्या सगळ्यांना देशाबाहेर काढण्याचा हुकूम काढला आणि मुदत दिली 1 नोव्हेंबरची. राणी 28 नोव्हेंबरला वारली. म्हणजे ज्यांच्या कर्जखतांवर तिची इस्टेट उभी राहिली, त्यांतले शेवटचे कुटुंब जहाजात चढून महिना झाला असेल-नसेल, तोवर क्रॉसची तयारी सुरू झाली. तुमच्या लेखात 1290 साल दोनदा आले आहे, दोन्ही वेळा फक्त 'राजाच्या दुःखाचे वर्ष' म्हणून.

त्या एकाच वर्षात या घरात काय काय झाले ते तरी बघा. 30 एप्रिलला आक्रमध्ये जन्मलेली जोन, 18 वर्षांची, ग्लॉस्टरच्या अर्लला दिली. तो छेचाळीसचा, पहिली बायको सोडलेला. जुलैत मार्गारेट ब्राबांतच्या वारसाला. ऑगस्टात थोरली एलिनॉर, प्रतिनिधीमार्फत, आरागॉनच्या राजाला. धाकटा एडवर्ड सहा वर्षांचा. त्याच्यासाठी स्कॉटलंडची गादी घेऊन येणारी नॉर्वेची लहानगी मार्गारेट ठरली होती, ती सप्टेंबरात प्रवासातच ऑर्कनी बेटांवर दगावली. सात वर्षांची पोर. त्या मृत्यूतून इंग्लंड आणि स्कॉटलंडची पुढची सगळी युद्धे निघाली.

जोनच्या लग्नाचा दस्त तर मी शिकाऊ मुलांना दाखवला असता. अर्लने आपली सगळी मिळकत आधी राजाकडे सरेंडर केली आणि मग ती त्याला आणि जोनला सामाईक नावाने परत मिळाली, पुढे त्यांच्या वारसांना. नवरा मेला तरी मुलगी दारोदार होणार नाही. ही अट राणीने घातली की राजाने, हे कागद सांगत नाही. पण 1264 मध्ये विंडसरहून बाहेर काढलेली बाई त्या घरात होती, एवढे मला ठाऊक आहे. जोनने पुढे त्या मिळकतीच्या जोरावर कमाल केली. 1295 मध्ये नवरा वारला, बाप तिचे दुसरे लग्न सव्हॉयच्या घराण्यात ठरवत होता, आणि हिने 1297 मध्ये गुपचूप नवऱ्याच्याच पदरच्या एका साध्या शिलेदाराशी लग्न लावून मोकळी झाली. बापाने जावयाला तुरुंगात टाकले. मोठ्या सरदाराने गरीब बाईशी लग्न केले तर कोणी नावे ठेवत नाही, मग मोठ्या बाईने शूर तरुणाला वर आणले तर का ठेवावीत, असे ती म्हणाल्याचे बखरकार सांगतो. शेवटी बाप निवळला. तुम्हाला प्रेमकथाच छापायची असेल तर ही छापा.

थोरल्या एलिनॉरची गोष्ट वेगळी. 1282 मध्ये आरागॉनवाले घाई करू लागले, मुलगी आत्ताच पाठवा म्हणून. ती तेव्हा साधारण तेरा वर्षांची. एडवर्डने कळवले की माझी आई आणि माझी राणी दोघीही नको म्हणतात, मुलगी फार लहान आहे. या दोघींची स्वतःची लग्ने याच वयात झाली होती. सासूसुनेचे दुसऱ्या कशावर जमत होते की नाही कोणास ठाऊक, इथे मात्र एक झाल्या आणि राजाला ऐकावे लागले. मुलगी स्पेनला गेलीच नाही. तो नवरा तोंड न बघताच 1291 मध्ये वारला. लेकीला मग 1293 मध्ये बार नावाच्या परगण्याच्या काउंटला दिली.

एलिनॉरला निदान चौदा मुले झाली, काही अभ्यासक सोळा म्हणतात. तिच्या मागे राहिली सहा. त्यातल्या एका मुलाचे नाव मामावरून अल्फोन्सो ठेवले होते. तो दहाव्या वर्षी, 1284 च्या ऑगस्टात गेला. तो जगता तर इंग्लंडच्या गादीवर राजा अल्फोन्सो बसला असता. त्याचे हृदय जपून ठेवले होते आणि आईचे हृदय लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स मठात पुरले तेव्हा तेही तिच्याजवळ ठेवले. हे मात्र खुद्द कोणी सांगितल्याशिवाय सुचण्यासारखे नाही. बहुधा तिनेच सांगून ठेवले असावे.

मग प्रेम नव्हते का? होते. ती जवळजवळ सदोदित त्याच्याबरोबर फिरली, गरोदर असतानाही, लढायांवरसुद्धा. घरात एक गमतीची रीत होती. ईस्टरनंतरच्या सोमवारी राणीच्या सखी राजाला त्याच्या बिछान्यात अडवत आणि दंड भरल्यावरच त्याला राणीकडे जाऊ देत. ईस्टरआधीचा लेंटचा उपास संपल्याचा तो सण. ती गेल्यानंतरच्या पहिल्या ईस्टरला, 1291 मध्ये, राजाने त्या सखींना ठरलेला दंड देऊन टाकला. ही नोंद खर्चाच्या वहीत आहे. बारा क्रॉसपेक्षा मला ही नोंद महाग वाटते. त्याच वहीखात्यांमुळे आपल्याला हेही कळते की आयुष्याच्या शेवटी शेवटी एक स्पॅनिश जहाज पोर्ट्समथला लागले तेव्हा राणीने त्यावरून 230 डाळिंबे, 15 लिंबे आणि 7 संत्री घेतली. इंग्लंडला येऊन पस्तीस वर्षे होत आली तरी जीव माहेरच्या फळांत.

माझी लेक लंडनला असते, तिच्याबरोबर मी चेरिंग क्रॉस स्टेशनसमोरचा तो उंच क्रॉस पाहिला. तुमच्या लेखात त्याचाच फोटो आहे, 'सातशे वर्षांपूर्वीचा' म्हणून. तो 1865 चा आहे. मूळ क्रॉस 1647 मध्ये पाडला आणि त्या जागी आता पहिल्या चार्ल्सचा घोड्यावरचा पुतळा आहे, थोडे पुढे चालत गेले की दिसतो. खरे जुने तीनच उरले आहेत: गेडिंग्टन, हार्डिंगस्टोन आणि वॉल्थम. कृपया दुरुस्ती छापावी. या क्रॉसवर राणीच्या मूर्तींइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे ढाली. इंग्लंडची, कॅस्टिल-लेऑनची आणि पाँत्यूची. नवऱ्याचे, बापाचे आणि आईचे. पाँत्यू तिला 1279 मध्ये आई वारल्यावर वारसाहक्काने मिळाले होते. वेस्टमिन्स्टर ॲबीत तिच्या थडग्यावर फ्रेंच लेख आहे, त्यातही हाच क्रम. एके काळची इंग्लंडची राणी, एडवर्ड राजाची बायको, स्पेनच्या राजाची मुलगी, पाँत्यूची काउंटेस. शेवटचा हुद्दा तिचा स्वतःचा. दस्तात पक्षकाराचे वर्णन कसे असावे, याचा नमुना.

नॉटिंगहॅमशायरमधल्या हार्बी गावी मृत्यूशय्येवर असताना तिने नवऱ्याला सांगितले की माझ्या नावाने जे अन्यायाने घेतले असेल ते परत कर. पेकमसाहेबांची पत्रे कुठेतरी लागली होती म्हणायची. एडवर्डने खरोखरच 1291 मध्ये न्यायाधीश नेमून चौकशी बसवली. राणीच्या वेगवेगळ्या गावांत जाऊन लोकांच्या तक्रारी घेतल्या गेल्या, तिच्या कारभाऱ्यांनी काय काय केले ते लिहून ठेवले गेले. एकीकडे पाथरवट क्रॉस घडवत होते, दुसरीकडे कारकून राणीविरुद्धच्या तक्रारी नोंदवत होते, दोन्ही एकाच नवऱ्याच्या हुकमाने. लेखात दगडांना अडीच रकाने आणि कारकुनांना काही नाही. म्हणून हे पत्र.

पत्र लांबले याची जाणीव आहे. कात्री लावायची झाली तर डाळिंबे कापा, चौकशी कापू नका.

शेवटची विनंती पुढच्या भागाविषयी. चौकटीत 'पुढील रविवारी: राणी इसाबेला' असे लिहिले आहे. ती गोष्ट सुरू करताना गॅस्कनीपासून करा. 1294 मध्ये फ्रान्सच्या राजाने तो मुलूख पुन्हा बळकावला. 1299 मध्ये तह झाला, त्यात साठ वर्षांच्या एडवर्डने फ्रान्सच्या राजाची विशीतली बहीण मार्गारेट केली, आणि एलिनॉरने जमवलेल्या जमिनी तिच्या चोळीबांगडीत गेल्या. त्याच तहात राजाची तीन-चार वर्षांची मुलगी इसाबेला एलिनॉरच्या धाकट्याला ठरली. 25 जानेवारी 1308 रोजी बुलोन इथे त्यांचे लग्न लागले तेव्हा ती बारा वर्षांची होती. तिच्या मुलाने आईच्या नात्याने फ्रान्सचीच गादी मागितली आणि 1337 ला युद्ध पेटले, तेही गॅस्कनी जप्त झाल्यावरून. एवढे कागद मांडून झाले की मग तिचे प्रियकर, तिची बंडे, तिचा दुर्दैवी नवरा, काय हवे ते छापा. फक्त 'फ्रान्सची लांडगीण' हे शीर्षक आधीच ठरले नसेल अशी आशा करते.

आपली नियमित वाचक,
निवृत्त दुय्यम निबंधक, सातारा